अप्पा सरांचा उगारलेला हात

अप्पा सर वर्गात आले की आधी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे. मग उजव्या बाहीच्या घड्या घालायचे, कोपराच्या वरपर्यंत, अगदी सावकाश. घड्या घालताना ते कुणाकडेही बघत नसत. आम्ही मात्र त्यांच्या त्या हाताकडे बघत असायचो. गोरा, केसाळ, मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याचा पांढुरका वळ उमटलेला हात. गावातल्या कितीतरी माणसांचे चेहरे मी आज विसरले आहे, पण तो हात मला अजून जसाच्या तसा दिसतो. 

चाकूरहून कच्च्या रस्त्याने आत गेलं की आमचं गाव लागतं. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता. आमचा जिल्हा उस्मानाबाद, आणि तिथे एखाद्या कामाला जायचं म्हणजे माणसाचा दिवस मोडायचा. गावात सातवीपर्यंत शाळा होती आणि पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायला अप्पा सर होते. खरं नाव शिवलिंगप्पा. उदगीरच्या कापडदुकानदाराच्या घरातले. भाऊ गादीवर बसून कापड फाडायचे, हे एकटेच शिकून मास्तर झाले. मारुतीच्या देवळामागे खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की उदगीरला बायकामुलांकडे जायचे. कपाळावर विभूतीचे पट्टे, शर्टाच्या आत इष्टलिंगाची चांदीची डबी, पायात करकर वाजणाऱ्या चपला. त्या चपला वाजल्या की शाळेसमोरच्या ओट्यावरची म्हातारी माणसंसुद्धा बिडी विझवायची. सर कधी ओरडत नसत, शिव्या देत नसत. फारच चिडले तर 'सुम्मने!' एवढंच म्हणायचे, म्हणजे कानडीत गप्प. ते ऐकल्यावर पुढचा तासभर कुणाला खोकलासुद्धा येत नसे.

सरांचं इंग्रजी मारापासून सुरू व्हायचं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पाचवीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी पुस्तक मिटून बाजूला ठेवलं आणि आम्हाला विचारलं, "ॲपल कुणी बघितलंय?"

कुणीच बघितलं नव्हतं.

"तुमच्या बापानं बी बघितलं न्हाई. मग ते शिकून काय करता? मार समद्यांनी बघितलाय. हाव का न्हाई? मग मारापासून सुरू करू."

आणि त्यांनी फळ्यावर एकाखाली एक शब्द लिहिले. टॅप म्हणजे टपली, डोक्यावर, बोटांनी. ती मायेनंसुद्धा मारतात. स्लॅप म्हणजे चापट, उघड्या तळहाताची. स्मॅक म्हणजे धपाटा, पाठीत. आवाज मोठा, लागतं कमी. थम्प म्हणजे गुद्दा, त्याला आवाज नाही पण आतपर्यंत जातो. थ्रॅश म्हणजे बदडणं, त्यात एकावर भागत नाही. प्रत्येक शब्दाला ते हवेत हात फिरवून दाखवायचे आणि पहिल्या ओळीतली पोरं दर वेळी मागे सरकायची. सगळ्यांत शेवटी त्यांनी टेबलाखालून निरगुडीचा फोक, म्हणजे लवचीक छडी, काढला.

"आणि हे व्हॅक. व्हॅक म्हणजे रट्टा. हा शब्द तुमच्या पुस्तकात न्हाई. तिकडची माणसं घरात बोलतात, मैदानात बोलतात. चेंडूला बी व्हॅक मारतात, माशीला बी. सपकन बसला पाहिजे, आवाज निघाला पाहिजे आन् ज्याला बसला त्यो जाग्यावरून उडला पाहिजे. न्हाई उडला तर त्याला व्हॅक म्हणायचं न्हाई."

घरी जाताना त्यांनी अभ्यास दिला. आपापल्या घरात मारासाठी काय काय बोलतात ते ऐकून यायचं. दुसऱ्या दिवशी पोरांनी असा काही माल आणला की विचारू नका. 'एक ठिवून दीन', 'मुस्काट फोडीन', 'कानफडात वाजवीन', 'पाठीचं सालटं काढीन', 'चेचून काढीन'. सर एकदाही हसले नाहीत. कापडाचे तागे लावावेत तसे त्यांनी ते सगळे शब्द फळ्यावर लावले. हे स्लॅपमध्ये, हे थ्रॅशमध्ये. मी सांगितलं, आमची माय म्हणते, 'हाणू का एक?' सरांनी विचारलं, "मग हाणते का?" मी म्हटलं, नाही. "मग ती धमकी झाली. मारात न्हाई धरता येत," असं म्हणून त्यांनी मायला फळ्याच्या बाहेर ठेवलं. मला त्याचं फार बरं वाटलं होतं.

आता सरांचा नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कुठल्या गुन्ह्याला कुठला मार हे ठरलेलं होतं. उशिरा आलं की चापट, गडबड केली की धपाटा, अभ्यास विसरला की गुद्दा, आणि खोटं बोललं की फोक. सर हात उगारायचे आणि विचारायचे, "हे काय?" उगारलेल्या हाताकडे बघून त्याचं इंग्रजी नाव सांगायचं. बरोबर सांगितलं तर तो हात पोराऐवजी टेबलावर पडायचा. चुकलं किंवा तोंड उघडलंच नाही, तर पोरावर. तुम्ही म्हणाल, मग सोपंच होतं की. शब्द आम्हाला झोपेतून उठवलं तरी यायचे. पण तो हात वर गेला, बगलेपाशी शर्ट ताणला गेला की डोक्यातलं सगळं उडून जायचं. सरांचं म्हणणं असं की भीतीत आठवला तोच शब्द खरा आला. आणि एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम असायचं, "ज्याला शब्द येतो त्याला कशाचं भ्या?" हे ते अगदी मनापासून विचारायचे.

केरबा नावाचा एक दांडगा मुलगा आमच्या वर्गात होता. वयाने मोठा, मिसरूड फुटलेला. एकदा अभ्यास न करता आला. सरांनी मूठ उगारली, केरबा म्हणाला, "थ्रॅश." झालं. गुद्दा पाठीत असा बसला की त्याचा श्वास अडकला. त्याला खाली बसता येईना आणि उभंही राहता येईना. सर म्हणाले, "आता कळलं? ह्यो थम्प. एकच असतो." आणि खडू उचलून पुढे शिकवायला लागले. केरबा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही, कधीच आला नाही. सर बरेच दिवस विचारत होते, "केरबा का येईना? आजारी हाय का?" आम्ही माना खाली घालायचो. तेव्हा वाटायचं, सर मुद्दाम विचारतात. आज वाटतं, त्यांना खरोखरच कळलं नव्हतं. हिशेब मिटला की त्यांच्या दृष्टीने विषय संपलेला असायचा. त्या पोराच्या पाठीत तो गुद्दा पुढे किती वर्षं राहणार आहे, हे त्यांच्या डोक्यातही येत नसावं.

असंही नाही की सरांना शिकवण्याची आच नव्हती. एकदा उस्मानाबादहून तपासणीला साहेब आले होते. चाकूरपर्यंत जीपने आणि पुढे चिखलामुळे बैलगाडीने, त्यामुळे आधीच वैतागलेले. त्यांनी मला उठवलं आणि इंग्रजीतले कुठलेही पाच शब्द सांग म्हणाले. मी डोळे मिटून धडाधड सांगितलं. टॅप, स्लॅप, स्मॅक, थम्प, थ्रॅश. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "आणखी?" मी म्हटलं, "व्हॅक." साहेबांनी सरांकडे पाहिलं. सर अभिमानाने ताठ उभे होते. साहेब हेडमास्तरांना हळूच म्हणाले, "इथे पोरांना गाय, मांजर असलं काही येतं का हो?" सर लगेच म्हणाले, "येतं की साहेब. पण गाय म्हशीतला फरक कुणी बी सांगंल. धपाटा आन् रट्टा यातला सांगाया अक्कल लागती." साहेबांनी शेरा काय लिहिला कोण जाणे. जाताना मात्र ते सरांच्या हातापासून जरा लांबूनच गेले, असं आम्हा मुलींना वाटलं. दिवसभर आम्ही त्यावर हसत होतो. सर नसताना आम्ही सरांवर पुष्कळ हसायचो.

मला स्वतःला त्यांची भीती वाटायची, पण ती सवयीची होती. खरी भीती मला लागली ती दिगूमुळे.

दिगू माझा धाकटा भाऊ. मी सातवीत गेले तेव्हा तो पाचवीत आला, म्हणजे सरांच्या हाताखाली आला. दिगू तोतरा बोलायचा. साधंसुधं नाही, काही अक्षरं त्याच्या तोंडातून निघायचीच नाहीत. मान ताणली जायची, डोळे मोठे व्हायचे, ओठ नुसते थरथरायचे. मायने सगळं करून पाहिलं होतं. पोपटाने चोच मारलेले पेरू खाऊ घातले, दर्ग्यातला धागा बांधला, जिभेखाली खडे ठेवून झाले. काही उपयोग झाला नाही. गावातली पोरं त्याचं वाक्य अर्ध्यावर तोडून स्वतःच पुरं करायची. आणि आता त्याला अशा माणसापुढे उभं राहायचं होतं, जो हात उगारून शब्द मागतो आणि शब्द आला नाही तर हात खाली आणतो. सुट्टीभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवताना त्याच्या पाठीकडे बघितलं तरी मला केरबा आठवायचा.

मी आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, म्हटलं, सरांना एकदा सांगून ठेवा. आबा गावात शिंपीकाम करायचे. सरांचे शर्ट तेच शिवायचे. आबा कात्री चालवत म्हणाले, "मास्तराला मी काय सांगू? तेन्ला उजवी बाही ढिली लागती, हात वर जायला. मी देतो ढिली. माझं काम तेवढंच." आबासुद्धा त्यांना भीत होते. माय म्हणाली, "अन् सांगितलं, आन् तेनीच उलटं मनावर घेतलं तर?" असं म्हणून तिने तो विषयच बंद केला.

मग मीच एक उपाय काढला. दिगूला 'स'चे शब्द जमायचे. स्लॅप जमायचं, स्मॅक जमायचं. 'थ' कधी जमायचा, कधी नाही. 'व' तर कधीच नाही. 'वहिनी' म्हणायला त्याला इतका वेळ लागायचा की शेजारची वहिनी तोवर पाणी भरून यायची. तेव्हा मी त्याला बजावलं. चूक करायचीच झाली तर 'स'ची करायची. उशिरा जा, चालेल. गडबड कर, चालेल. पण अभ्यास विसरायचा नाही आणि काही झालं तरी खोटं बोलायचं नाही. दिगूने गंभीरपणे मान हलवली. पहिल्याच आठवड्यात तो उशिरा गेला, चापट उगारली गेली, "स्लॅप" म्हणाला आणि सुटला. मला वाटलं, आपण सरांचा नियम जिंकला. आज हे आठवलं की हसू येतं. एखाद्या पोराने कुठल्या अक्षराचा गुन्हा करावा, याचा विचार मी रात्रंदिवस करत होते.

तो दुष्काळाचा दुसरा पावसाळा. पावसाळा म्हणायचा एवढंच. आडाला पाणी नव्हतं, रानात हिरवं काही नव्हतं आणि कपडे शिवायला कुणी येत नव्हतं. आबांनी मशीनवर पोतं टाकलं आणि मायबरोबर सरकारी कामावर खडी फोडायला जायला लागले. रस्त्याचं ते काम शाळेच्या मागेच होतं. दिवसभर हातोड्यांचा आवाज वर्गात यायचा. शाळेत दुपारी सुकडी मिळायची. ती गोडसर, तेलकट, भरभरीत, भाजक्या पिठासारखी सुकडी आम्ही तळहात चाटून खायचो. ती शाळेतच, मास्तरांच्या समोर खायची, घरी न्यायची नाही, असा वरून हुकूम होता आणि अप्पा सर हुकूम पाळणारे होते.

शाळेच्या एका खोलीचे पत्रे वादळात उडाले होते, म्हणून पाचवी आणि सातवी एकाच लांब खोलीत पाठीला पाठ लावून बसायच्या. पाचवीचा फळा तिकडे, आमचा इकडे. सर तिकडे शिकवत असले की आम्ही लिहायचं आणि मागे वळून बघायचं नाही. त्यामुळे त्या दुपारी जे झालं ते मी बराच वेळ नुसतं ऐकलं.

आधी सरांचा आवाज आला. "दिगंबर, खिशात काय हाय?"

आबांनी उरलेल्या कापडातून दिगूची चड्डी शिवली होती आणि खिसे चांगले खोल ठेवले होते.  दिगूने नुसती मान हलवली, काही नाही म्हणून. हे मला माझ्या शेजारच्या गंगूने सांगितलं. ती तिरक्या नजरेने मागे बघत होती. मग ती कानात म्हणाली, "खिशाला तेलाचा डाग पडलाय गं. सुकडी हाय."

"काहीच न्हाई?" सरांनी विचारलं.

गंगू म्हणाली, "परत मान हलवली त्यानं."

मग टेबलावर घड्याळ ठेवल्याचा आवाज आला. खोटं म्हणजे फोक. फोक म्हणजे व्हॅक. आणि व्हॅक म्हणजे 'व'. 

"हे काय?" सर म्हणाले.

काही नाही. नुसता ओठांचा आवाज. "व्... व्..." मग तोही थांबला. मग पुन्हा, "व्... व्..." मी डोळे गच्च मिटले आणि फोक कधी बसतो त्याची वाट बघत राहिले. तो बसेना. मागे खडी फोडल्याचा आवाज चालू होता, त्यात आमची मायही होती, आणि तिला याचा पत्ता नव्हता. पाचवीतलं कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी पटकन म्हणालं, "सर, त्याला व्हॅक म्हणायचं हाय."

"सुम्मने!" सर म्हणाले. "त्याचं बोलणं चालू हाय. मधी बोलायचं न्हाई."

तेव्हा मी वळले. नियम मोडून वळले, आणि माझ्यामागे सगळी सातवी वळली. सर फोक उगारून उभे होते. त्यांच्या समोर दिगू, त्यांच्या कमरेएवढा. मान ताणलेली, गालावर पाणी, ओठ थरथरताहेत. सर त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांचा हात कापत होता. रागाने नव्हे, ताटकळून. उगारलेला हात खाली घेतला तर पोराची वेळ संपली, असा त्यांचाच नियम. म्हणून ते तो खाली घेत नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी डाव्या हाताने उजव्या कोपराला आधार दिला. सुट्टीची घंटा झाली. शेजारच्या वर्गातली पोरं ओरडत बाहेर पडली. आमच्यातलं कुणी जागचं हललं नाही. सरांच्या कपाळावर घाम येऊन विभूती ओघळली. मला वाटत होतं, आता मारा एकदाचं आणि संपवा. मला ते बघवत नव्हतं.

"व्हॅक," दिगू म्हणाला.

फोक टेबलावर असा बसला की घड्याळ उडून खाली पडलं.

"बराबर," सर म्हणाले. ते मटकन खुर्चीत बसले आणि खांदा चोळायला लागले. मग विचारलं, "कुणासाठी?"

"म... मायसाठी."

सरांनी तेवढ्यासाठीही वाट पाहिली. मग म्हणाले, "उद्यापासून मला सांगून न्यायची. आन् कागदात बांधून. खिसा खराब होतो."

मी धावत जाऊन दिगूला धरलं. तो घामाने भिजला होता आणि, खरं सांगते, हसत होता. घरी जाताना मी त्याला विचारलं, "समज, आलाच नसता शब्द, तर?" तो म्हणाला, "मग मा... मारलं असतं की." जणू त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

पुढे वर्षभर सर त्याला रोज उठवायचे, कधी धडा वाचायला, कधी नुसतं काहीबाही विचारायला, आणि तो बोलेपर्यंत खोलीत टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असायची. दिगूचं तोतरेपण गेलं नाही. आजही आहे. पण त्या खोलीत पुन्हा कुणी त्याचं वाक्य तोडलं नाही, आणि हळूहळू गावातही कमी झालं. हे सरांनी केलं, आणि त्यासाठी मी त्यांचे उपकार मानते. तरीही त्या दुपारचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. शब्दासाठी थांबायचंच होतं, तर हात उगारून कशाला थांबायचं? नुसतं थांबता आलं नसतं का? दिगूला हे कधी पटलं नाही. तो म्हणतो, "आक्का, तू लांबून ब... बघत होतीस. म्हणून तुला तसं वाटतं."

त्यानंतर बरीच वर्षं गेली. माझं लग्न होऊन मी लातूरला आले. लातूर जिल्हा झाला तेव्हा गंजगोलाईच्या बाजारात गुलाल उधळला, पेढे वाटले, आणि मग गावभर भाड्याच्या घरांमधून नव्या कचेऱ्या सुरू झाल्या. पाट्यांचा रंग ओला आणि आत बसायला खुर्च्या नाहीत, असे दिवस. त्यातल्या एका कचेरीत दिगूला शिपायाची नोकरी लागली. मुलाखतीत साहेबांनी नाव विचारलं तेव्हा त्याने अजिबात घाई केली नाही, लागेल तेवढा वेळ घेऊन सांगितलं, आणि साहेबांना थांबावं लागलं. हे त्याने मला फार खुशीत सांगितलं होतं.

मी कधीकधी दुपारी त्याचा डबा घेऊन जायची. त्या दिवशी माझी चार वर्षांची लेक बरोबर होती. कचेरीच्या दारात लिंबाखाली बाकावर एक म्हातारा माणूस बसला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे, हातात छत्री. दिगू त्यांच्यासमोर उभा राहून काही सांगत होता, अडखळत, सावकाश. आणि ते मान वाकवून ऐकत होते. निवृत्तीच्या कसल्या कामाला ते आले होते. जिल्हा जवळ आला म्हणून बरं झालं, असं म्हणत होते. मी जवळ गेले तरी त्यांना ओळखलं नव्हतं. ते इतके वाळले होते.

दिगू म्हणाला, "सर, ही आ... आक्का. शकू."

सरांचा चेहरा एकदम उजळला. छत्री डाव्या हातात घेऊन ते उठले. "अय्यो, शकुंतला! साहेबाला चकित केलीस ती! किती मोठी झालीस गं," म्हणत त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवायला उजवा हात वर केला. ढिली बाही मागे सरकली.

मी पाया पडायला वाकणार होते. तसं मनात होतं, नक्की होतं. पण हात वर गेलेला दिसला आणि माझ्याकडून भलतंच झालं. डबा हातातून सुटला. मी दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसले. पोरीला काही कळलं नाही, आई घाबरली एवढंच कळलं, आणि ती जोरात रडायला लागली. कचेरीत आलेली माणसं बघायला लागली. भाजी सगळी मातीत गेली होती.

सरांचा हात तसाच वर राहिला होता. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग पोरीकडे, मग त्या हाताकडे.

"शकुंतला," ते म्हणाले, "तुला तर मी कधी हात लावला न्हाई. तू एकदा बी चुकली न्हाईस की गं."

 दिगू तेवढा म्हणत होता, "तसं नाही सर, ती द... दचकली." ते ऐकत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. बराच वेळ ते माझ्या पोरीकडे बघत उभे राहिले. ती माझ्या पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती. मग त्यांनी तो हात खाली आणला आणि शर्टाच्या बाजूच्या खिशात घातला. "येतो रे दिगंबर," म्हणाले आणि निघाले.

कचेरीसमोरच एसटी थांबायची. उदगीरची गाडी उभी होती. म्हाताऱ्या माणसाला त्या उंच पायऱ्या चढायच्या म्हणजे दोन्ही हातांनी दांडी धरावी लागते. सरांनी छत्री काखेत मारली, डाव्या हाताने दांडी धरली आणि एक पाय वर टाकला. तोल गेला. खाली उतरले. पुन्हा टाकला, पुन्हा उतरले. मागची माणसं म्हणाली, "ओ मास्तर, दुसरा बी हात लावा की." शेवटी कंडक्टरने दंडाला धरून त्यांना वर ओढून घेतलं. गाडी सुटली तेव्हा ते दारातच उभे होते, आणि उजवा हात अजून खिशातच होता.